माठाजवळची काचेची नळी

आटपाडीच्या स्टँडवरून पुण्याची एसटी सुटली तेव्हा आई खांबाला टेकून उभी होती आणि बिरूदादा खिडकीखालून बसबरोबर चार पावलं चालला. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी बारावी होऊन पुढं शिकायला निघाले होते, आणि त्यानं दहावीनंतरच वडिलांच्या, आप्पांच्या हातची काठी घेऊन मेंढरं राखायला सुरुवात केली होती. "मेंढरांची काळजी करू नगंस, शिक," एवढंच म्हणाला. मेंढरांची काळजी मी कधीच करत नव्हते. पण तो मागं राहिला म्हणून मला जाता आलं, हे त्या दिवसापासून टोचत राहिलं.

पुण्यात शिकता शिकता मी माशांपाशी पोचले. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती केमरं. लॅबमध्ये त्यांना फळमाशी म्हणतात आणि फार मानानं वागवतात. त्यांच्या अळीच्या मेंदूत मूळपेशी असतात. अशी पेशी दुभंगली की एक मूळपेशीच राहते आणि दुसरी पुढं जाऊन चेतापेशी घडवते. कोण राहणार, कोण बदलणार हे दुभंगण्याआधीच ठरतं. काही प्रथिनं पेशीच्या एका कडेला गोळा होतात आणि ज्या पेशीच्या वाट्याला ती येतात ती बदलते. सगळ्याच राहिल्या तर मेंदूत नुसती गाठ वाढते, सगळ्याच गेल्या तर मेंदू अर्धवट राहतो. माझ्या माशांच्या अळ्यांत हाच तोल बिघडायचा, आणि माझी पीएचडी त्या बिघाडावरच उभी होती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मॅडमनी लॅब बंगळूरला हलवली. माशा न्यायचं काम माझ्याकडं आलं आणि मी वाट वाकडी करून दोन दिवस घरी उतरले. नियम असा की माशांचे दोन जोड, म्हणजे एकाच वाणाचे दोन सारखे संच, दोन ठिकाणी ठेवायचे, एक गेला तर दुसरा हाताशी राहावा म्हणून. मी शहाणीनं दोन्ही एकाच पिशवीत घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले तर माझ्या काचेच्या नळ्या राखेनं घासून उन्हात पालथ्या घातलेल्या.

"किती दिसाचं कुजलं हुतं गं ते? अळ्या पडल्या हुत्या," आई म्हणाली. "एवढी शिकलीस, आन् डबं घासायचं कळंना व्हय?"

आतला ऐवज तिनं परसात फुटक्या डाळिंबांच्या ढिगावर ओतला होता. अळ्या तर कोंबड्यांनी कधीच टिपल्या होत्या. तीन वर्षांचं काम गावच्या केमरांत मिसळलं होतं. मी तिथंच बसून रडले.

दादा मेंढरांकडून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वळाकायची कशी?"

पंख वर वळलेले असतात, मी म्हटलं. पण आजच सापडायला हव्यात. एकदा त्यांनी गावच्या केमरांशी सोयरीक जुळवली की पुढच्या पिढीचा भरवसा नाही.

तो ढिगाशी उकिडवा बसला. शंभर मेंढरांत आपलं कोकरू तोंडावरून ओळखणारा माणूस. "ह्या धड उडत न्हाईत गं. नुसत्या टुणटुण उड्या मारत्यात," म्हणत त्यानं एकेकीवर नळी पालथी घालायला सुरुवात केली. दुपारपर्यंत एकोणीस मिळाल्या. आईनं चुलीवर मक्याच्या पिठाची गूळ घातलेली पेज शिजवली आणि जरा वरमूनच विचारलं, "त्यास्नी घट्ट लागती का पातळ?"

मी निघताना दादा रागावला. "दोनी जोड एका पिशवीत? आप्पांनी कवा सगळी मेंढरं एका कळपात ठेवली हुती का?"

आमच्याकडं चार मेंढ्या सोयऱ्याच्या कळपात ठेवतात. इकडं रोग आलाच तर तिकडं वाण राहतं. "एक नळी हितं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. ती आता पाण्याच्या माठाला टेकून असते, गारव्याला. दर पंधरा दिवसांनी तो माशा नव्या पेजेच्या नळीत घालतो.

आता बंगळूरला मी कन्नडमध्ये भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि ज्वारीच्या भाकरीसाठी अर्धं शहर पालथं घालते. मध्यंतरी एकदा फोनवर टोचणारं विचारून टाकलं. माझ्यामुळं तुला राहावं लागलं ना रे?

तो मोठ्यानं हसला. "तुला कुणी सांगितलं? आप्पांनी इचारलं, मेंढरं कोण बघतंय, तवा मीच पयला म्हणालो, मी. तू तवा आठवीत हुतीस. शाळा मला लय नडत हुती गं."

म्हणजे एसटी सुटायच्या कितीतरी आधी सगळं ठरलेलं होतं, आणि मी उगाच इतकी वर्षं त्याच्या वाट्याचं दुःख वाहत होते. मला हसू आलं आणि रडूही.

माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांना घर कुठं आहे असं विचारलं की ते जरा थांबतात. मी थांबत नाही. आपला दुसरा जोड जिथं कुणीतरी मनापासून सांभाळतंय, ते घर. दर रविवारी दादाचा फोन येतो. आधी पाऊस, मग मेंढरं, आणि शेवटी, "पंख अजून वाकडंच हायत बग." तेवढं ऐकलं की मी निवांत कामाला लागते.