गोरं करून मिळणार नाही

गमरे कुठलाही ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापला की आधी खिडकीत न्यायचे, मग ट्यूबलाइटखाली आणि शेवटी थेट संडासात, कारण आमच्या चारकोपच्या गाळ्यात पिवळा बल्ब फक्त तिथेच होता. गिऱ्हाईक वारलेल्या वडिलांचा फोटो घ्यायला आलेलं असायचं आणि हे त्याच्या वडिलांना घेऊन आत. बाहेर येऊन म्हणायचे, "तिन्हीकडे काळेच आहेत. घेऊन जा."

यामागे शास्त्र होतं, हे त्यांच्या हाताखाली लागल्यावर मला कळलं. साधा प्रिंटर रंगीत शाया मिसळून करडा रंग बनवतो. तो उन्हात बरा दिसतो, ट्यूबलाइटखाली हिरवट पडतो. "भिंतीवर बाप लावायचा की दुधी भोपळा?" म्हणत गमरेंनी प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी एकच काळी शाई भरली, कुठे घट्ट, कुठे कमीजास्त पातळ केलेली. पण हे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? त्याला वाटायचं निळ्याच्या जागी अजून निळाच आहे. पहिल्या फोटोची पार वाट लागली. मग कुठली शाई किती सोडायची ते आपल्याला ठरवता येईल असं दुसरं सॉफ्टवेअर आणलं. साठीतल्या या माणसाने ते शिकायला तीन महिने घातले आणि रोज त्याला कोकणातल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

"जरा गोरं करा ना," असं कुणी म्हटलं की गमरेंचं डोकं फिरायचं. "पावडर जिवंतपणी लावायची होती. आता मी काय करू?" एका बाईने सासूला उजळ करा म्हणून हट्टच धरला. "सासू बदलून हवी असेल तर पुढच्या गाळ्यात बघा," म्हणाले. पुढच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या बादल्या बनायच्या. मी हसले, तर माझ्यावरच खेकसले, "हसतेस काय? माणूस गेला, तोंड तरी त्याचं त्याला राहू दे."

गेल्या वर्षी ते अचानक गेले. हार्ट. पुण्यानुमोदनाच्या विधीला तीन दिवस उरले असताना त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मोबाइलवरचा फोटो घेऊन गाळ्यात आल्या. भाचीच्या लग्नातला. मोबाइलने आधीच चेहरा गुळगुळीत करून ठेवलेला. वर काकू म्हणाल्या, "ह्यांना अजून थोडं गोरं कर गं. लग्नापासूनची इच्छा आहे माझी. हा माणूस कधी साबणसुद्धा नीट लावायचा नाही."

आली का पंचाईत! नवरा गेलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणावं, तर गमरेंच्याच शाईने गमरेंचं तोंड बदलायचं. मी दोन्ही छापायचं ठरवलं. गोरे गमरे दहा मिनिटांत झाले. काळ्यांना दोन दिवस लागले, कारण मोबाइलने पुसलेल्या सावल्या मला आठवून भरायच्या होत्या. चार वर्षं रोज पाहिलेला माणूस, आणि डोळ्यांखाली किती काळं होतं ते आठवेना! स्वतःचा इतका राग आला मला. छापत होते, फाडत होते, रडत होते.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी काकूंसमोर दोन्ही फोटो ठेवले. त्यांनी गोरा उचलला.

"छान दिसतात," म्हणाल्या. "सज्जन वाटतात. पण हे माझ्याशी कधी भांडले असतील असं वाटत नाही गं."

तो फोटो त्यांनी पालथा ठेवला आणि हात पुढे केला.

"आमचे दे."