पाठमोरी आई

मंडळी, आमची आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आज मारेगावला झाला. पाहुणे आत्ताच गेले. एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आईचा धड असा एकही फोटो घरात नव्हता. मी आधार कार्डावरचा मोठा करून आणला, पण तो कोणालाच आईसारखा वाटेना. तेव्हा बाबा आत गेले आणि एक तैलचित्र घेऊन आले.

बाबांची सगळी नोकरी कोकणात गेली. तिथं फावल्या वेळात ते फक्त समुद्र रंगवायचे. माणूस त्यांनी एकदाच रंगवला. चुलीपुढं बसलेली आई, पदर खोचलेला, तव्यावर भाकर. पण पाठमोरी.

मोठे काका चिडले. "अरे, पाठमोरा फोटो कोणी ठेवते काय? लोकं काय म्हनतीन?"

बाबांनी चित्र टेबलावर ठेवलं. म्हणाले, "मी सुट्टीवर आलो का हिचा सारा दिवस चुलीपाशीच जाये. मले जशी दिसली तशी काढली."

मग वंदना झाली, एकेक जण फुलं वाहू लागला. मी नुसत्या निवांत बसलेल्या आईचा चेहरा आठवून पाहत होतो. येईना. तुम्हाला आठवतो का हो, तुमच्या आईचा?

शेवटी शेजारची शांतामावशी उठली. तिनं फूल ठेवलं, चित्रातल्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "कांता, झाल्या ना वं भाकरी. आता तं इकडं पाह्य."