भोक नसलेलं भोक

डोनटचं भोक तळण्याऐवजी भाजताही येतं हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळलं नसतं तरी काही बिघडलं नसतं.

सुरुवात बाबांच्या हृदयापासून झाली. गेल्या वर्षी त्यात एक स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. भोईवाड्याच्या नाक्यावरचा बटाटावडा पन्नास वर्षं नेमाने खाणाऱ्या माणसाच्या ताटात दुधी आला. मग दोडका आला. मग परत दुधी. (एका घरात एकालाच पथ्य नसतं, त्यामुळे तीन महिने आम्ही सगळेच हृदयरोगी होतो.) बाबा भांडले असते तर बरं झालं असतं. ते गप्पच झाले. ताटात अर्धी पोळी टाकून उठायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा आई घाबरली आणि आई घाबरली म्हणून मीही घाबरलो.

पंचाहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला आणि बाबांनी तोंड उघडलं.

"शनवारी चार वाजता मी नाक्यार जातलंय," ते म्हणाले, "आणि वडो खातलंय. मगे काय जाताला तां जाऊंदे."

आईने डोळ्यांना पदर लावला. माझ्या तोंडून निघून गेलं की बाबा, तुम्हाला वड्याची आठवण येणार नाही असं काहीतरी मी घरी करतो, गोल, गरम आणि तेलाशिवाय. मी आयुष्यात चहा आणि मॅगी यांच्या पलीकडे गेलेलो नव्हतो, हे बाबांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, जमलं तर नाक्यावर जाणार नाही. झालं, माझ्या हाताच्या चवीवर आता बापाचं हृदय अवलंबून होतं.

मी मोबाइलवर भाजलेल्या डोनटचा फोटो शोधून आईला दाखवला. तिने चष्मा वर केला, खाली केला आणि मोबाइल परत दिला.

"भोकाचे वडे म्हाळाक करतत," ती म्हणाली. "वाढदिसाक नाय."

हे मी विसरलोच होतो. आमच्याकडे घरचा वडा म्हणजे पुरीसारखा, एरवी सपाट. पितृपंधरवड्यात म्हाळ घालायचा, म्हणजे गेलेल्यांना जेवायला वाढायचं, तेव्हाच काय ते वड्याला मध्ये भोक पाडायचं. मी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मला डोनट होल सापडलं. डोनटच्या मधून कापून काढलेला तुकडा म्हणजे डोनट होल. छोटा, गोल, लाडवासारखा, आणि भोक नाही! मी आईला नाव सांगितलं, अर्थ सांगितला.

"भोकाक भोक नाय, तर तेका भोक कित्याक म्हणतत?" आईने विचारलं.

पण भोक नाही म्हटल्यावर तिची परवानगी मिळाली.

शनिवारी दुपारी मी ओव्हन उघडला. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला आम्ही तो घेतला होता आणि तेव्हापासून त्यात कढया राहत होत्या. दोन कढया, पोळपाट, आमसुलांची बरणी आणि एक हरवली म्हणून आम्ही विसरून गेलेली किसणी निघाली. आतला दिवा गेलेला होता. मग मैदा, कोमट दूध, साखर, यीस्ट. पीठ मळलं, ओल्या फडक्याखाली झाकलं. तासाभराने ते दुप्पट फुगलं आणि घरभर आंबूस वास सुटला. बाबा गॅलरीतून आत डोकावून ताडी कोणी आणली असं विचारून गेले. मी चाळीस गोळे वळले, एकसारखे, गुळगुळीत. खोटं सांगत नाही, मला भरून आलं. ते ताटात मांडून पुन्हा फुगायला ठेवले. आई देवळात गेली होती. बायको स्मिता शाळेतून यायची होती. ती शिक्षिका आहे, शनिवारीही शाळा तीनपर्यंत असते. तिला मी फोनवर सांगितलं, "डोनट करतोय. आलीस की ओव्हनमध्ये टाक."

होल हा शब्द मी म्हटला नाही. एवढासा शब्द, म्हटलं कशाला.

एवढ्यात ऑफिसचा फोन आला. शनिवारी सुट्टी असते, पण ती आमच्या साहेबांना नसते, म्हणून मलाही नसते. घरात रेंज येते-जाते म्हणून मी जिन्यात जाऊन बसलो आणि पाऊण तास हो सर, हो सर करत राहिलो. त्या वेळात स्मिता घरी आली. स्मिता गिरगावची, तिच्या माहेरी वड्याच्या भोकाबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. तिने ताटातले चाळीस गोळे पाहिले. तिचा अंदाज सरळ होता: नवरा डोनट करतोय आणि नेहमीप्रमाणे मुख्य गोष्ट विसरलाय. दिवसभर मुलांच्या वह्यांतल्या चुका दुरुस्त करून दमलेल्या बाईने हीही चूक दुरुस्त केली. प्रत्येक गोळ्याला बोटाने मधोमध भोक पाडलं. चाळीसच्या चाळीस. मग ताट ओव्हनमध्ये सरकवलं.

मी आलो तेव्हा आत अंधार होता, त्यामुळे मला नुसता वास आला. वास चांगला होता. चारला दहा मिनिटं कमी असताना ताट बाहेर काढलं आणि मी स्टुलावर बसलो.

"विसरला होतास," स्मिता म्हणाली, "मी पाडली."

तिला सगळं सांगितल्यावर तीही माझ्या शेजारी बसली. आम्ही वरून पिठीसाखर भुरभुरवली, ती भोकातून खाली गेली. तिने तीळ टाकून झाकू या म्हटलं. घरात तीळ होते, पण काळे. नको म्हटलं. गॅलरीत बाबांनी पायात चपला सरकवल्याचा आवाज आला आणि देवळातून आलेल्या आईने निरांजन लावलं. आता माघार नव्हती.

आईने ओवाळलं, मी ताटली पुढे केली. आईने ताटलीकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं तबक कललं.

"म्हाळ कोणाचो रे?" बाबांनी शांतपणे विचारलं. "माझोच?"

मी आयुष्यात इतका कधी ओशाळलो नव्हतो. माफी मागायला तोंड उघडलं तर बाबांचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"घातलासच आसा म्हाळ, तर रीतीन घाल," ते म्हणाले. "आधी कावळ्याक वाढ."

त्यांनी स्वतःच एक डोनट उचलून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा लगेच आला. मान तिरकी करून एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसला.

"शिवाक नाय," बाबा समाधानाने म्हणाले. "माझी इच्छा रवली आसा."

कसली, ते सांगायला नको होतं. आईने मात्र रीत सोडली नाही. तिने पत्र्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "अर्धो वडो देतलंय. आता शिव."

"अर्ध्याक कावळो येणा नाय," बाबा म्हणाले.

शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला. कावळ्याचं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि महिन्यातून एक चालेल, पण बाकीचे दिवस माणूस पोटभर जेवला पाहिजे, अशी अट घातली. बाबांनी अट तिथल्या तिथे मान्य केली. मी नाक्यावर जाऊन एक वडा आणला. बाबांनी तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून डोळे मिटून खाल्ला. आणि रात्री दुधीची भाजी, दोन पोळ्या, वर भात. आई स्वयंपाकघरात तोंड फिरवून उगाच भांडी पुसत राहिली. खरं सांगायचं तर मलाही पुसायला एखादं भांडं हवं होतं.

राहिला कावळा. इच्छा तर पूर्ण झाली होती, म्हणून आम्ही वाट पाहिली. दिवेलागणीच्या आत तो आला. कठड्यावर उतरला, माझं डोनट ओलांडलं, बाबांच्या खुर्चीखाली सांडलेला वड्याचा चुरा टिपला आणि गेला. डोनट मंगळवारपर्यंत तिथेच होतं.

तेव्हापासून मी स्मिताला बजावून ठेवलंय, माझ्या पश्चात म्हाळाला काहीही कर, दुधी केलास तरी चालेल. फक्त माझ्या पद्धतीची डोनट करू नकोस. मी स्वतः कावळा होऊन आलो, तरी शिवणार नाही.