न कळलेली दोन बोटे

नसीमा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, रशीदभाईंनी केला, तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर होतो. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. मिळेल त्या गाडीने सांगली गाठली. नसीमा माझी साताऱ्यातल्या शाळेपासूनची मैत्रीण. सांगलीत ती पॅथॉलॉजिस्ट होती. कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करायची. ते काम मी एकदाच जवळून पाहिले... माझ्या मामासाठी.

मामा आटपाडीकडचा, मेंढरांचा व्यापारी. तिथे काही जुने व्यापारी अजून भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा टॉवेलखाली विकणाऱ्याची बोटे दाबतो. जितकी बोटे, तितका आकडा. एका बाजारात मामा टॉवेल झटकून उसळला, "तिनात कळप मागतोस व्हय रं?"

"पाची बोटं धरल्यात की गड्या! सकाळीच लावून आलास काय?"

लोक हसले. मामा हसला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कुणी धरल्याचे त्याला कळलेच नव्हते. कोपराजवळ फिकट चट्टा होता, तोही बधिर. त्या दिवसापासून त्याने आपले ताट वेगळे केले, अंथरूण पडवीत नेले. नातीला जवळ येऊ देईना.

डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून नसीमाकडे पाठवला. निदानाच्या दिवशी मामा बाहेर बाकावर होता, मी आत. तिने आधी शिकवण्यासाठी ठेवलेली, निरोगी बोटाच्या कातडीचा काप असलेली काच दाखवली. कातडीच्या वरच्या थराखालच्या उंचवट्यांत चपट्या पेशींची इवलीशी चवड, आणि तिच्यातून वळणे घेत गेलेला मज्जातंतू. हलका स्पर्श तिथे टिपला जातो. आणखी खोलवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोल रचना. ती कंप ओळखते. वेदना आणि उष्णता ओळखणारे तंतू उघड्या टोकांचे, इतके बारीक की या काचेवर दिसतच नाहीत, असे ती म्हणाली.

मग तिने मामाची काच लावली. काच सरकवली, भिंग बदलले, पुन्हा पहिल्या जागी आली.

"काय दिसतंय?"

"थांब जरा."

पेशींच्या गाठींनी मज्जातंतूला वेढले होते, आतून पोखरले होते.

"कुष्ठरोग आहे," ती म्हणाली. "औषधाने बरा होतो. पण मेलेले तंतू परत येतील, असं मी सांगणार नाही."

ती स्वतः बाहेर गेली. मामा उभा राहिला, हात पाठीमागे.

"मॅडम, घरात ऱ्हायचं का न्हाई मी? तेवढं सांगा."

नसीमाने हात पुढे केला. "आवं, नगं," म्हणत मामा मागे सरकला. तिने त्याचा तोच बधिर बोटांचा हात ओढून दोन्ही हातांत धरला.

"घरातच राहायचं, मामा. ताट आजच आत न्या. गोळ्या चुकवायच्या नाहीत. ही दोन बोटं मात्र भाजली तरी तुम्हाला सांगणार नाहीत. ती डोळ्यांनी बघत जा."

मामा खाली बसला.

उपचार पूर्ण होऊन आता काही वर्षे झाली. बोटे तशीच राहिली. गेल्या आठवड्यात मामा रशीदभाईंना भेटायला सांगलीला आला. चहा झाला. मामा ग्लास ठेवून खिडकीपाशी उरल्या उजेडात गेला, उजवा हात उघडला आणि ती दोन बोटे उलटसुलट करून पाहू लागला.

"काय झालं?" रशीदभाईंनी विचारले.

"काय न्हाई. च्या गरम हुता. मॅडमनी बघाय सांगितलंय."

रशीदभाई उठले आणि त्यांनी खोलीतला दिवा लावला.