एक मूठ जुना भुसा

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिचा हॅमस्टर माझ्या गळ्यात मारून गेली. हॅमस्टर म्हणजे पैसे मोजून आणलेला आखूड शेपटीचा उंदीर, असं माझं स्पष्ट मत आहे. भाईंदर पश्चिमेला राहून उंदीर विकत घ्यायचा म्हणजे कमालच झाली.

स्वच्छतेच्या बाबतीत मी जरा कडक आहे. ती गेली त्याच दुपारी तिची खोली फिनाइलने पुसली. चादरी, पडदे, उशीचे अभ्रे, सगळं धुऊन टाकलं. त्याच झपाट्यात तिथला पिंजराही घासला आणि त्यातला लाकडाचा भुसा बदलला. संध्याकाळपर्यंत साहेबांनी कोपरान् कोपरा मुतून ठेवला आणि कूस घासत पिंजराभर फिरले. मी पुन्हा घासलं, त्याने पुन्हा तेच केलं. आठवडाभर आमची अशी जुंपली होती. मग त्याने खाणं सोडलं आणि मी पुण्याला फोन लावला. त्याला काही झालं असतं तर लेकीला काय तोंड दाखवणार होते मी?

फोनवर ती आधी पोटभर हसली.

"आई, त्याच्या कुशीला ग्रंथी असतात. त्यांचा वास लागला की ते त्याचं घर. तू तो पुसतेस, वर फिनाइलचा परका वास. मग तो परत परत सांगतोय, मी इथे राहतो म्हणून. मूठभर जुना भुसा राहू दे ना."

नाक मुरडत राहू दिला. फिनाइलही बंद केलं. हळूहळू तो खायला लागला आणि त्याचं ते घासणंही कमी झालं.

दिवाळीला लेक आली. स्वतःच्या खोलीच्या दारात थबकली. खोली हॉटेलसारखी वाटतेय म्हणाली, आणि मला विचारलं, "आई, बॅग कुठे ठेवू?"

मला ते फार लागलं. पोरगी माझ्याच घरात पाहुणी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून चहाला गेली आणि मी खोलीत डोकावले. ओला टॉवेल इस्त्रीच्या चादरीवर, तेलाची बाटली उघडीच, मोजे उशीवर. याच टॉवेलवरून मी वर्षानुवर्षं घर डोक्यावर घेतलंय. सवयीने हात पुढे गेलाही. पिंजऱ्यात तो आपल्या कळकट भुशात पोट वर करून गाढ झोपला होता.

मी टॉवेल तिथेच राहू दिला.