पिठ्याच्या कानावरची खपली

आज सकाळी आमचा पिठ्या गेला. आणि मला आज कुणाशीही गोड बोलायचं नाहीये.

‘मांजरच तर होतं’ असं ज्यांना कमेंटमध्ये लिहायचंय, त्यांनी आधी मला अनफ्रेंड करा.
हो आत्या, तू पण.

पिठ्या म्हणजे पांढराशुभ्र बोका. आई गेली त्या वर्षी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत जिन्याखाली सापडला.

आई गेल्यावर पप्पांचं बोलणंच बंद झालं होतं. सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून आयुष्य काढलेला माणूस, दिवसभर नुसता खुर्चीत.

पिठ्या आला आणि पप्पा त्याला पेपर वाचून दाखवायला लागले. अग्रलेखासकट.
मी किचनमधून ऐकायचे. घरात परत आवाज आला होता.

यंदा गणपतीच्या आधी पप्पांना त्याच्या कानाच्या टोकावर खपली दिसली.

जवळच्याच एका डॉक्टरकडे नेलं. नाव लिहीत नाही. क्लिनिक चकाचक, एसी, भिंतभर सर्टिफिकेटं.
साहेबांनी टेबलाच्या पलीकडूनच बघितलं.

“बोक्यांची मारामारी. क्रीम लावा.”

पप्पा म्हणाले, “डॉक्टर, हा घराबाहेर जातच नाही.”

“मग स्वतःच खाजवलं असेल, काका.”

खपली पडायची, खाली रक्त दिसायचं, परत खपली धरायची.
दसऱ्याला पुन्हा गेलो. “फंगल आहे.” दुसरं क्रीम.

दिवाळी सरेपर्यंत कानाची कड कुरतडल्यासारखी झाली होती. नाकावरही तसाच लाल चट्टा उठला.

या वेळी मी विचारलं, “तुकडा काढून तपासायला पाठवतात ना? बायोप्सी?”

डॉक्टर हसले. नजर हातातल्या मोबाईलवरच.
“मॅडम, गुगल जरा कमी करा.”

इतक्या वेळा गेलो, पण त्या माणसाने पिठ्याच्या कानाला एकदाही बोट लावलं नाही.

शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने शीवच्या एका डॉक्टर बाईंचा पत्ता दिला.

त्यांनी पिठ्याला टेबलावर घेतलं. दिवा जवळ ओढला. कान आतून-बाहेरून बघितला, नाकाचा चट्टा बघितला, जबड्याखाली चाचपलं. मग म्हणाल्या, “मला हे बरं दिसत नाही. पण नुसतं डोळ्यांनी बघून मी सांगणार नाही.”

भूल देऊन कानाचा आणि नाकाचा बारीकसा तुकडा घेतला, लॅबला पाठवला.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्वचेचा कॅन्सर.

डॉक्टर बाईंनी नीट बसवून समजावलं. पांढऱ्या मांजरांना कानाच्या टोकावर, नाकावर, पापण्यांवर हा होतो. तिथे केस विरळ, कातडी गोरी, वर्षानुवर्षं ऊन लागतं. सुरुवातीला साधी खपलीच वाटते. न भरणारी जखम असली की तपासायची, एवढंच.

पप्पा म्हणाले, “गॅलरीत उन्हात झोपायचा तो. मीच गादी घालून द्यायचो.”

“काका, सगळेच घालतात. पहिली खपली दिसली तेव्हाच तपासलं असतं तर कानाचं टोक कापून बहुतेक निभावलं असतं. आता नाकातून आत हाडापर्यंत गेलंय.”

त्यानंतर पिठ्या दुखण्याच्या गोळ्यांवर जगला. नाक बंद, वास येईना, म्हणून खाईना. पप्पा बोंबिलाचं पाणी बोटाने त्याच्या ओठांना लावायचे.
या आठवड्यात तेही सुटलं. काल डॉक्टर बाई म्हणाल्या, आता त्याला आणखी सोसायला लावू नका.

आज सकाळी शीवला डॉक्टर बाई इंजेक्शन देत असताना पप्पांनी त्याचं डोकं तळहातावर धरलं होतं. शेवटपर्यंत.

पिठ्याला तिथेच निरोप दिला. बाहेर टॅक्सीत बसलो. मला वाटलं घरी जायचं. पप्पांनी ड्रायव्हरला त्या पहिल्या क्लिनिकचा पत्ता सांगितला.

मी म्हटलं, “पप्पा, कशाला?”
“त्याला वाचायला लावतो.”

पिठ्याची रिकामी बास्केट घेऊन ते थेट आत गेले. रिसेप्शनची मुलगी “काका, नंबर, नंबर” करत राहिली.
पप्पांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. “वाचा.”

डॉक्टरांनी वाचला. चेहरा जरा उतरला. मग म्हणाले, “सॅड केस. पण काका, मी काही देव नाही.”

“देव नकोच होता. हात लावून बघणारा हवा होता.”

“तुम्ही बाहेर जा. पेशंट वाट बघतायत.”

सॉरीचा एक शब्द नाही.

माझे पप्पा आयुष्यात कुणावर ओरडलेले मी पाहिले नाहीत. आजही ओरडले नाहीत. दार उघडं ठेवून बाहेर आले आणि वेटिंग रूममध्ये बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, “माझ्या मांजराला कॅन्सर होता. हे न तपासता क्रीम देत राहिले. तो आज गेला. तुमच्या जनावराला गाठ असेल, जखम भरत नसेल, तर तपासायला सांगा. नाही म्हणाले, तर उठून दुसरीकडे जा.”

आतून डॉक्टर ओरडले, “पोलिसांना बोलवीन हां.”

“बोलवा,” पप्पा म्हणाले. आणि बसले.

कोपऱ्यात लालबागच्या एक बाई होत्या, मांडीवर भुरी मांजर. त्यांनी तिच्या पाठीवरचे केस बाजूला करून पप्पांना गाठ दाखवली. “मला म्हणाले चरबी आहे, सोडून द्या. सुई घालून बघितलं पण नाही.”

त्या उठल्या. पप्पा उठले. मी टॅक्सी थांबवली. पप्पा पुढे बसले, त्या मांजर घेऊन माझ्याशेजारी. आम्ही परत शीवला गेलो.

डॉक्टर बाईंनी सुईने नमुना घेतलाय. रिपोर्ट यायचाय. चरबी असली तर फार बरं होईल. असेल ते कळेल तरी.

आता संध्याकाळ झालीय. पप्पा जेवले नाहीत. पेपरची घडी आज मोडली नाही.

मला राग येतोय आणि तो मला जायला नकोय. म्हणून लिहितेय.

आत्या, तुझा फोन मी आज उचलणार नाही.

पिठ्या, तुला आमचा शेवटचा जय भीम.