साहेबांचे कान

दाराची कडी काढण्याआधी मावशी रोज दोन मिनिटं तशीच उभी राहायची. एका हातात कुत्र्याची साखळी, दुसरा हात कडीवर, डोळे मिटलेले. बाहेर कोण कोण बोलतंय ते बोटांवर मोजायची आणि मगच दार उघडायची.

एकतीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली, खिडकी नसलेल्या खोलीत. नुसत्या 'हॅलो'वरून तिला कळायचं, कोणत्या वॉर्डातली सिस्टर आहे आणि तिची झोप झालीय की नाही. निवृत्तीनंतर पक्षीही ती तशीच शिकली, कानांनी. दयाळ, शिंजीर, चष्मेवाला. दुर्बिणीची तिला गरजच वाटली नाही. फुलांना आवाज नसतो, म्हणून ती तेवढी नाइलाजाने बघायची: भिंतीच्या फटीतली पिवळी आंबुशी, कालव्याच्या कडेची एकदांडी. कुत्र्याचं नाव साहेब, कारण पहिल्या हाकेला तो कधी ओ देत नसे.

वसंतात कोण कोणत्या तारखेला पहिल्यांदा बोललं, याची तिची एक वही होती. नियम एकच. स्वतः ऐकल्याशिवाय नोंद नाही.

यंदा भाची सुट्टीत राहायला आली आणि वही चाळताना थबकली. 'शिंजीर – आला नाही. चष्मेवाला – आला नाही.' दुसऱ्या दिवशी फिरताना शिंजीर अगदी डोक्यावर, विजेच्या तारेवर बसून गात होता. भाची सहज बोलून गेली, हा काय आला की तुझा शिंजीर.

मावशीने वर पाहिलं. इवलीशी चोच उघडत होती, मिटत होती.

"कधीपासून बोलतोय?"

"मघापासून."

बारीक आवाज आधी जातात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कानाच्या डॉक्टरांचे फोन तिनेच तर जोडून दिले होते. दुसऱ्या सकाळी ती कडीजवळ उभी राहिली नाही. साखळी भाचीच्या हातात देऊन म्हणाली, ज्याला ऐकू येत नाही त्याने बोर्डावर बसू नये. भाचीने सुचवलं, मी ऐकून सांगत जाईन. पण दुसऱ्याच्या कानांनी ऐकलेलं त्या वहीत जाणार नव्हतं. वही कपाटात गेली.

अडून बसला तो साहेब. भाचीबरोबर तो उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकेना. दोन दिवस त्याचा हट्ट सोसल्यावर तिसऱ्या दिवशी मावशीनेच चपला घातल्या आणि साखळी हातात घेतली; भाची मागोमाग निघाली.

कालव्याकडे वळताना साहेब थांबला. त्याचा डावा कान उभा राहिला आणि हळूच झाडाकडे वळला. मावशी त्या कानाकडे बघतच राहिली. बोर्डावरही आधी दिवा लागायचा, आवाज नंतर यायचा. कान जिकडे वळला होता तिकडे तिने नजर नेली. पानांत पानांच्याच रंगाचा एक एवढासा पक्षी, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ.

"अगं, याला खरंच चष्मा आहे की!"

नऊ वर्षं त्या पक्ष्याला ती नावानिशी ओळखत होती. तोंड आज पाहिलं. भाचीने रात्रभर सांत्वनाची वाक्यं जुळवली होती, ती जागच्या जागी राहिली. मावशी साहेबाच्या कानामागून चालत होती, थांबत होती, मान वर करत होती. घरी येईपर्यंत असे चार दिवे लागले.

आल्या आल्या तिने वही काढली. 'आला नाही' खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, 'आला होता. मीच लाइनवर नव्हते.' मग पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर नाव घातलं, साहेब.

उद्याही मी येते, भाची म्हणाली.

"ये की. पण वाटेत बडबड नको हं," मावशी चपला जागेवर ठेवत म्हणाली, "साहेबांचं लक्ष उडतं."